उसाची टेकडी

साताऱ्यात पोवई नाक्यावर स्कूटर लावून सिद्धनाथ चहाच्या टपरीकडे निघाला होता, आणि रस्त्याच्या मधोमध काहीतरी आठवून थांबला. काय आठवलं होतं ते नंतर त्याला कधीच आठवलं नाही. मागून एक जीप आली. जीपवाल्याने हॉर्न वाजवला नाही. हॉर्न बिघडला असेल, किंवा हॉर्नपेक्षा बरं काही सुचलं असेल. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि तोंडाने 'हुर्रर्र, हुर्रर्र' केलं, मेंढरं हाकताना करतात तसं. टपरीवरचे दोघेतिघे हसले. सिद्धनाथ बाजूला झाला, जीप गेली. विशीतला पोरगा होता. ही गंमत त्याने सकाळपासून कुणाकुणाबरोबर केली असणार, आणि खंडाळ्यापर्यंत आणखी पुष्कळांबरोबर करणार होता. त्याच्या मनात काही नव्हतं. मनात काही नसलेली माणसं किती नेमकं मारतात, असं सिद्धनाथला चहाचा पहिला घोट घेताना वाटलं. आणि दुसऱ्या घोटाला लक्षात आलं, की आपण जीप बघून बाजूला झालोच नव्हतो. जीप आपल्याला दिसलीच नव्हती. आवाज कानावर पडला आणि पाय आपापले डावीकडे सरकले होते. चाळिशीला टेकलेला माणूस, जमिनीतल्या ओलाव्यावर पीएचडी केलेला, परदेशात दोन निबंध वाचून आलेला, आवाजासरशी कडेला लागला होता. वर जीपवाल्याकडे बघून थोडासा हसलाही होता, असा त्याला संशय होता. चहा अर्धा ठेवून तो निघाला.

त्या आवाजाला त्याच्या डोक्यात एक ओटा होता. पलूसच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात, आकाराम नावाच्या ऊसवाल्या बागायतदाराच्या घराचा फरशीचा ओटा. सिद्धनाथचे वडील दिवाळी झाली की माणदेशातून मेंढरं घेऊन खाली उतरायचे आणि काठाकाठाने लोकांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, त्या बदल्यात रानाचा मालक ज्वारी घालतो. दोघांची सोय, कुणाचे कुणावर उपकार नाहीत. त्या साली उन्हाळा संपता संपता, तिन्हीसांजेला गारांचा वळीव आला. पाल उडालं. आई, हरणाबाई, दोन्ही काखांत कोकरं घेऊन त्या ओट्यावर चढली. सिद्धू तेव्हा सहा-सात वर्षांचा, अंगणाच्या टोकाला उभ्या बैलगाडीखाली, घोंगड्यात. गारा गाडीच्या फळ्यांवर आपटत होत्या, त्यामुळे शब्द कुणाचे ऐकू आले नाहीत. जे दिसलं आणि मोठ्याने म्हणून जे कानावर आलं, ते एवढंच: आकाराम उभा आहे, एका हाताने आईला हाकलतोय आणि 'हुर्रर्र, हुर्रर्र' करतोय, मग ओट्यावर बसलेली माणसं खदखदून हसतायत, आणि त्यांच्यात आईही हसतेय. आकारामचं हाकलणं त्याने पुढेमागे एखाद वेळी माफ केलं असतं. माणसांचं हसणंही. आईचं हसणं माफ करण्यासारखं नव्हतं, पण आईवर राग धरायची सोय नव्हती. म्हणून तोही राग आकारामकडेच गेला, आणि तिथे त्याला भरपूर जागा मिळाली. त्या हसण्यावर त्याने दहावी काढली, बारावी काढली. वसतिगृहात ताटात जे पडेल ते त्या हसण्याबरोबर खाल्लं. परीक्षेच्या आदल्या दिवशी झोप आली की तो डोळे मिटून ओट्यावर जायचा, आकारामचा हात बघायचा, आणि झोप उडायची. ज्याला शिक्षणाची ओढ म्हणून मास्तर वर्गात नावाजायचे, ती अशी होती.

सिद्धनाथच्या ऑफिसातलं, पुराचा अंदाज बांधणारं मॉडेल म्हणजे साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा मुलूख चौकोन चौकोन पाडून संगणकात बसवलेला. प्रत्येक चौकोनाची माती वेगळी, पीक वेगळं, उंची वेगळी. वरून हवा पाऊस देते, माती तो पिते, पीक मातीतला ओलावा ओढून पुन्हा हवेत सोडतं, हवा त्याचे ढग करून भलतीकडेच नेऊन पाडते. आणि या तिघांचं आपापसातलं देणंघेणं झालं की जे उरतं ते नदीत. नदीचं मत कुणी विचारत नाही. असं मॉडेल सुरू केलं की पहिल्यांदा ते साफ खोटं बोलतं, कारण सुरुवातीला माती किती ओली होती हे कुणालाच ठाऊक नसतं, काहीतरी ठोकून द्यावं लागतं. म्हणून तेच ते वर्ष त्याला पुन्हा पुन्हा खायला घालायचं, सुरुवातीला काय सांगितलं होतं ते त्याच्या डोक्यातून जाईपर्यंत. ऑफिसात याला मॉडेल मुरवणं म्हणत. मातीचा वरचा थर महिन्याभरात सगळं विसरून जातो, एखादा पाऊस पडला की त्याला नवी आठवण मिळते. खालचे थर वेळ घेतात. सगळ्यात तळाचा थर मात्र वर्षानुवर्षं दाद देत नाही. वर दुष्काळ घाला, महापूर घाला, तो आपला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते धरून बसलेला. "हा थर फार हट्टी आहे हो सर," प्रांजल म्हणायची. प्रांजल पुण्याहून आलेली, त्याच्यापेक्षा लहान आणि त्याची वरिष्ठ. सिद्धनाथ मान हलवायचा. तो थर त्याला जवळचा वाटे. इतक्या वर्षांत ऑफिसातलं दुसरं कुणी त्याला इतकं कळलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने पलूसचा तुकडा उघडला. तो नेमका त्याच दिवशी यावा असा काही योगायोग झाला नव्हता. तुकडा त्याच्याकडे आठवडाभर पडून होता, आणि तो रोज दुसरं काहीतरी काम काढत होता. काम होतं पूररेषेचं. मोठा पूर आला तर पाणी कुठवर जाईल ते मॉडेल सांगणार, त्यावरून नकाशावर निळी रेषा पडणार. रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही. आत जो असेल त्याला पावसाळ्यात पहिली नोटीस, सोडवायला पहिली नाव. सिद्धनाथने पूर सोडला. पाणी नदीतून बाहेर आलं, काठची मळी बुडाली, स्मशान बुडालं, देवळाच्या पायऱ्या बुडाल्या. आणि गावाच्या खालच्या अंगाला येऊन एका टेकडीला अडलं. टेकडीवर एक बंगला, आकारामचा. तो बंगला सिद्धनाथने दोन वर्षांपूर्वी एसटीतून पाहिला होता. जुनं घर पाडून त्याच जागी बांधलेला, वर दुसऱ्या मजल्यासाठी सळ्या काढून ठेवलेल्या. जेवढी वर्षं त्याने दात आवळून काढली होती, तेवढ्यात आकारामचा स्लॅब पडला होता. पण तिथे टेकडी नव्हती. टेकडी असती तर सहा वर्षांच्या सिद्धूने तिच्यावरून घसरून चड्डी फाडली असती. त्याने जवळ जाऊन पाहिलं. टेकडीच्या कडा सरळ होत्या, चारी कोपरे काटकोनात. आणि मग तो खुर्चीत मागे टेकून हसला. उपग्रह वरून बघतो. त्याला उभ्या उसाचे शेंडे दिसतात, आणि तो म्हणतो ही जमीन. दोन पुरुष उंचीचा ऊस असेल तर दोन पुरुष उंचीची टेकडी. हे सगळ्या ऊसपट्ट्यात होतं, त्यात नवं काही नाही. पिकांचा नकाशा शेजारी ठेवून उसाची उंची चौकोनाचौकोनातून वजा करावी लागते, आणि ऑफिसात त्या कामाला तोडणी म्हणतात. "पलूसची तोडणी झाली का सर?" असं प्रांजल विचारते तेव्हा बाहेरचा माणूस बसलेला असला तर दचकतो.

म्हणजे आकाराम ज्या उंचीवर बसला होता ती उंची घराभोवतीच्या उसाची होती. सिद्धनाथने तोडणी सुरू केली. खरं म्हणजे हे यंत्राचं काम, एक आज्ञा दिली की झालं; पण त्याने आकारामचं रान तेवढं मागे ठेवलं आणि हाताने कापलं, एकेक चौकोन, सावकाश. पूर पुन्हा सोडला. पाणी आलं, मळी, स्मशान, पायऱ्या. जिथे अडलं होतं तिथे या वेळी अडलं नाही. अंगण निळं झालं. ओट्याचा चौकोन निळा झाला. मॉडेल म्हणत होतं, खिडकीपर्यंत. वर काढून ठेवलेल्या सळ्या आता आयुष्यभर आभाळ बघत गंजणार होत्या. विशेष म्हणजे यात एक अक्षर खोटं नव्हतं. सूड उगवायला माणसाला काय काय करावं लागतं, आणि आपल्याला नुसतं काम चोख करावं लागलं, याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्याने खाली जाऊन सकाळचा राहिलेला अर्धा चहा पुरा प्याला. पैसे पुऱ्या कपाचे दिले.

घरी गेल्यावर गप्प बसणं त्याला जमलं नाही. हरणाबाई गॅलरीत बसून मेथी निवडत होती. गोडोलीतल्या या फ्लॅटमध्ये ती तीन वर्षांपूर्वी आली. आल्या दिवशी गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते तिने विचारलं, आणि बरोबर उत्तर सुनेला, स्वप्नालीला देता येईना म्हणून दोघींची पहिली कुरबूर झाली होती. "आई, आकारामचं घर बुडवलं आज," तो म्हणाला.

"कुठला आकाराम?"

"कृष्णाकाठचा. ओट्यावरचा."

"त्यो व्हय!" हरणाबाईने काडी बाजूला टाकली. "हाय का अजून? लय गमत्या मानूस. आन् बुडवलं म्हंजी? पूर आला का काय इतक्या लवकर?"

त्याने समजावून सांगितलं. टेकडी, ऊस, रेषा. तिने ऐकलं, आणि म्हणाली, "आन् का रं बुडवलंस?" तेव्हा जी गोष्ट तो तीसेक वर्षांत कुणापाशी बोलला नव्हता, ती त्याला मेथीच्या ढिगापाशी बोलावी लागली. ओटा, गारा, आकारामचा हात, हुर्रर्र. तू हसलीस, एवढं मात्र त्याच्याने म्हणवलं नाही. "सगळे हसले," असं म्हणाला.

"हसतील न्हाई तर काय," हरणाबाई म्हणाली. "मी काय म्हनलं ते ऐकलं न्हाईस व्हय तू? मी म्हनलं, आवं दादा, असं वरडल्यावर मेंढरू हालत न्हाई, मेंढा येतोय अंगावर. तवा हसली समदी. त्येची बायकू, शालूबाई, ती तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. आन् त्येचं त्वांड असं झालं, असं." तिने तोंड करून दाखवलं, आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी काढून हसली. "मग गपगुमान गोठा उघडून दिला. कोकरं समदी जगली. मागनं गावात पोरं त्येला बघून हुर्रर्र करायची म्हनं, दोन वरसं."

सिद्धनाथ तिथेच खाली बसला. ही बाई प्रत्यक्ष साक्षीदार होती, किंबहुना तिच्यावरच तो प्रसंग गुदरला होता. पण तीस वर्षं मुरलेली गोष्ट असल्या तोंडी पुराव्यावर सोडून द्यायची त्याची तयारी नव्हती. ती आपलं समाधान करते आहे. गरीब माणसं अपमानाचा विनोद करून ठेवतात, म्हणजे तो उशाला घेऊन झोपता येतं. किंवा म्हातारपणी असं होतं. आणि समजा, खरंच ती तसं म्हणाली असेल, समजा गोठा उघडला असेल. मग आपण जे वसतिगृहात गिळलं ते काय होतं? दहावीच्या आदल्या दिवशी डोळे मिटून कुणाकडे बघत होतो? माणसाने एवढा राग धरावा, त्यावर घर उभारावं, बायको करावी, हप्ते फेडावेत, आणि मग कळावं की पायातच ऊस होता? नाही. तिला आठवत नाही. हिचा वरचा थर आहे, एका पावसात बदलतो. "तू मेथी निवड," तो म्हणाला. "निवडतीय की," ती म्हणाली, "तूच बसलायस माज्या जुड्यांवर."

आठवड्याने आकाराम स्वतः ऑफिसात आला. कच्चा नकाशा गावोगाव हरकतींसाठी लावला होता, आणि हरकती घेणारी माणसं येत होती. कुणी रेषा इकडे सरकवा म्हणत होतं, कुणी तिकडे. आकारामला सिद्धनाथने दारातच ओळखलं. माणूस आटला होता. पांढरा सदरा खांद्यांवरून लोंबत होता, हातात काठी. पण उजवा हात तोच. तोच हात त्याने जोडला. बरोबर मुलगा ऋषिराज, सैन्यातून सुटून आलेला, केस अजून बारीक. सिद्धनाथने पाणी सांगितलं नाही. त्याने फायली सरळ केल्या, पेन काढलं, टोपण पुन्हा लावलं. आता हा रडणार. सळ्यांचं सांगेल, कर्जाचं सांगेल, पाय धरेल. आणि आपण ऐकून घेऊ, शेवटपर्यंत ऐकून घेऊ, आणि मग अगदी शांतपणे त्याला विचारू, की वळवाच्या पावसात एक बाई तुमच्या ओट्यावर चढली होती, ते आठवतं का. हे वाक्य त्याने इतक्या वेळा घोटलं होतं की त्यातला एक शब्द हलत नव्हता.

"साहेब," आकाराम म्हणाला, "आमचं घर रेषेत बसलंय म्हनं."

"बसलंय."

"पक्कं?"

"पक्कं."

"बगा, मी म्हनलं न्हवतं?" आकाराम मुलाकडे वळला. "ह्यो म्हनत हुता बाहेर काडत्यात का काय. साहेब, तेवडं फकस्त हालवू नका. रेषेतल्या घरांस्नी वर हमरस्त्याला प्लाट द्यायची स्कीम निगनार हाय न्हवं. आमचं वरचं आळीवालं बोंबलायला लागल्यात, त्येंचं न्हाई बसलं."

"सर, आमचं लोकेशन एकदम क्लिअर मार्क करून घ्या," ऋषिराज म्हणाला. "नंतर कन्फ्युजन नको. उधर रोडटच है, पुढं हॉटेलचा प्लॅन आहे."

आणि आकारामने पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. पुडा ऑफिसच्या खालच्याच दुकानातला होता. साताऱ्याच्या माणसाला साताऱ्याचे पेढे, तेही त्याच्याच जिन्याखालून घेऊन. सिद्धनाथने आपलं वाक्य शोधलं. ते होतं जागेवर, पण त्याला लावायला माणूस शिल्लक नव्हता. हा समोर बसलेला माणूस तर खूश होता. त्याने आकारामकडे टक लावून पाहिलं, निदान ओळख तरी पटावी म्हणून. आपलं नाक आईचं होतं, कपाळ वडिलांचं होतं, त्या घरच्या ज्वारीवर वाढलेलं हाड होतं. "साहेब कुठलं म्हनायचं?" आकारामने विचारलं. "माणमधला," सिद्धनाथ म्हणाला. "शेती?" "शेती," सिद्धनाथ म्हणाला, ऑफिसात तो नेहमी असंच सांगे. "पान्याचे हाल आसतील तिकडं," आकाराम कळवळून म्हणाला, आणि उठला.

ते जिना उतरेपर्यंत सिद्धनाथ पुड्याकडे बघत बसला. आपण त्याला बुडवलं आणि त्याला हॉटेल मिळालं. हमरस्त्यावर, वर पाटी, आत गल्ल्यावर तो, जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कार करत. याच्यासाठी आपण एकेक चौकोन हाताने कापला. त्याच्या कानशिलात ठोके पडायला लागले, आणि त्या ठोक्यांतच कधीतरी एक फार सोपी गोष्ट त्याला दिसली. तोडलेला ऊस पुन्हा उभा करता येतो. खोटी कळ दाबायची नाही, कुठला आकडा फिरवायचा नाही. फक्त त्या एका रानाची तोडणी रद्द करायची, म्हणजे उपग्रहाने जे पाठवलं ते तसंच राहील. चूक कुणाची? कुणाचीच नाही. वरून आलेली आहे. घर रेषेच्या बाहेर, प्लॉट नाही, हॉटेल नाही. आणि मोठा पूर आला तर नोटीस नाही, पहिली नाव नाही, दुसरीही नाही. नकाशाप्रमाणे तो टेकडीवर असणार. खिडकीपर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो माणूस, हाच, याच हाताने नावेला हाका मारील, आणि नाववाला नकाशा बघून म्हणेल, ते घर कोरडं आहे. इथवर विचार आल्यावर त्याला जरा भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याने ऊस उभा केला. त्या दुपारी त्याने पेढा खाल्ला. चांगला होता.

पुढचे दिवस त्याला हलकं वाटत राहिलं. पक्का नकाशा वर गेला, चहूकडे निळं आणि मधे एक काटकोनी पांढरा ठिपका. दिवसातून एकदा तो उघडून बघे. रस्त्यात म्हातारा माणूस दिसला की तो मनातल्या मनात त्याला पाण्यात उभा करून बघे, उंची जुळते का. घरी हरणाबाईने एकदा विचारलं, "त्या आकारामदादाचं काय केलंस रं?" "वर काढलं," तो म्हणाला. "बरं केलंस," ती म्हणाली. "शालूबाईनं मला त्या दिशी ऊन पानी दिलं हुतं आंग धुवायला. केसात गारा हुत्या." हे तिने पूर्वी सांगितलं नव्हतं. त्याने ते ऐकलं आणि वरच्या थरात ठेवून दिलं.

बैठक झाली ती मे महिन्याच्या अखेरीला, सकाळी, ऑफिसच्याच लांब खोलीत. पूरनियंत्रणाचे मोठे साहेब आले होते, खटावकडचे, जाडजूड, बिस्किटं चहात बुडवून खाणारे. प्रांजलने पडद्यावर नकाशा लावला. गावं एकेक करून होत होती. पलूसच्या खालचं गाव आलं तेव्हा मोठ्या साहेबांनी बिस्किटाने पडदा दाखवला. "हे पांढरं काय आहे?"

"उंच जागा आहे सर. खालच्या आळीत एवढीच आहे," प्रांजल म्हणाली. "बंगला पण आहे, मोठं अंगण आहे. म्हणून निवाऱ्याचं ठिकाण तिथं धरलंय. खालची सगळी आळी नावेने आधी तिथं आणायची, वरचा रस्ता मोकळा होईपर्यंत तिथंच ठेवायची. मालकांना सकाळी फोन केला होता. थोडे नाराज वाटले, पण हो म्हणाले."

"उत्तम. बोर्ड लावा तिथं."

सिद्धनाथ शेवटच्या खुर्चीवर होता. पहिल्यांदा त्याला एवढंच कळलं की आकारामच्या दारात सरकारी बोर्ड लागणार. ह्या माणसाला काय केलं म्हणजे त्याचं भलं होणार नाही? मग त्याला खालची आळी दिसली. ती त्याला माहीत होती. आई त्या आळीत ताक मागायला जायची. माणसं नावांतून उतरतायत, पोरं, गाठोडी, कडेवरच्या शेरडासकट. ओट्यावर दाटीवाटीने बसतायत. शालूबाई चूल पेटवतेय. नावा परत जातायत, कारण नकाशाप्रमाणे आता इथे काळजी नाही. आणि पाणी अंगणात येतंय. सरळ येतंय, कशालाच न अडता, कारण तिथे अडायला काही नाहीच. त्याने मनाला समजावलं: अजून वेळ आहे, एवढा मोठा पूर येईलच असं नाही, मॉडेलही कधी कधी खोटं बोलतं. पण असे पूर दोनदा येऊन गेलेत. बैठकीनंतर प्रांजलला हळूच सांगता येईल. पण मोठे साहेब पेनचं टोपण काढून सहीची जागा शोधत होते, आणि पुढचं गाव पडद्यावर यायच्या बेतात होतं.

"तिथं टेकडी नाही," सिद्धनाथ म्हणाला.

"उपग्रह दाखवतोय की," मोठे साहेब म्हणाले.

"उपग्रहाला ऊस दिसतोय. तोडणी राहिलीय तेवढ्या रानाची. माझ्याकडून."

"कशावरून पण? तुम्ही पाहिलंय का ते ठिकाण?"

आता त्याला 'शेती' म्हणता येईना. शेतीवाला माणूस दुसऱ्याच्या रानाची सपाटी कशाला ओळखेल? खोलीत पंखा फिरत होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, ओट्यावरून बघावं तसे. "आमची मेंढरं बसायची तिथं," तो म्हणाला. "वडील घेऊन यायचे. मी त्या रानात झोपलोय. ताटासारखं सपाट आहे. आम्ही धनगर."

कुणी हसलं नाही. तो हसण्याची वाट बघत होता, अगदी तयारीत होता. तीस वर्षांची तयारी होती. मोठ्या साहेबांनी बिस्किट गिळलं. "हल्ली बसवतं का हो कुणी मेंढरं?" ते पुढे वाकून म्हणाले. "आमच्या रानात दोन वर्षं झाली, कुणी मिळंना. काय खत असतंय राव ते! तुमच्या पाव्हण्यांत बघा की कुणी असलं तर." प्रांजल म्हणाली, "सर, तेवढं दुरुस्त करून टाकाल ना? जेवायच्या आत द्या म्हणजे निवारा वर शाळेत हलवते." आणि पुढचं गाव पडद्यावर आलं. तोडणी का राहिली, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. जे त्याने जन्मभर दडवलं होतं ते टेबलावर पडलं, आणि चहाच्या कपांमध्ये दिसेनासं झालं.

त्याने जागेवर येऊन ऊस कापला. या वेळी यंत्रालाच सांगितलं, एका आज्ञेत. पूर सोडला, अंगण, ओटा, खिडकी. पुन्हा सोडला, जरा हळू. तिसऱ्या वेळेला त्याच्या ध्यानात आलं की चौकोनात कुणी नाहीच. माती आहे, पीक आहे, उतार आहे. आकाराम मॉडेलमध्ये कधी घातलाच नव्हता. पाणी रिकाम्या घरात शिरत होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं. तेवढ्यात प्रांजल येऊन म्हणाली, "सर, त्या मालकांना तुम्हीच कळवा ना प्लीज. तुमच्या ओळखीचे निघाले. ते समजतायत की त्यांचं घर सुरक्षित आहे."

त्याने फोन लावला. बराच वेळ वाजला.

"ह्यालो, कोन?"

"साताऱ्याहून सिद्धनाथ बोलतोय. हरणाबाईंचा मुलगा. तुमच्या घराचं—"

"आवं रेंज न्हाई! मोठ्यानं बोला!"

"तुमचं घर बुडणार आहे!"

"आँ?"

सिद्धनाथ उभा राहिला. "घर! तुमचं घर! बुडणार! निवारा रद्द! पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी तुम्ही बाहेर पडायचं!" आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं. हीच वाक्यं त्याने किती प्रकारांनी घोकली होती, दात आवळून, अंथरुणात, बसमध्ये. इतक्या मोठ्याने, आणि वरिष्ठांच्या परवानगीने, ती कधी म्हणायला मिळतील असं वाटलं नव्हतं. त्याचा आवाज फाटला. कानशिलं गरम झाली. फार बरं वाटत होतं.

"आता आलं ऐकू," आकाराम म्हणाला. "बुडनार म्हनताय? नक्की?"

"छपरापर्यंत!" मॉडेल खिडकीपर्यंत म्हणत होतं, छप्पर त्याने स्वतःच्या अधिकारात घातलं.

"लय उपकार झालं साहेब. सकाळधरनं घरात सुतक पडल्यावानी झालं हुतं. ए शालू, बुडनार म्हनत्यात गं! छपरापतोर! साहेब, हिलाबी सांगा एकदा तुमच्या तोंडानं, माजं खरं वाटत न्हाई हिला."

सिद्धनाथने शालूबाईला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं, पहिल्या दिवशी निघायचं हेही सांगितलं, आणि तिने फोन सुनेला, संयोगिताला दिला. संयोगिता गच्चीवर जाऊन बोलत होती, तिला सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. तरी तो ओरडूनच बोलला.